पापणीचे लवणे व मनाचे भय

आपल्या हिंगोली जिल्ह्यात डोळा लवला म्हणजे मनुष्य प्रथम विचारतो, उजवा की डावा? पुरुषाचा उजवा लवला तर शुभ, स्त्रीचा डावा लवला तर शुभ, आणि उलट झाले तर काहीतरी अनिष्ट घडावयाचे, हा समज जुना आहे. पुष्कळांनी तो टाकला, हे बरेच झाले. परंतु शकुन गेला म्हणून भयही गेले असे आम्हांस दिसत नाही. ते दुसऱ्या दाराने आत येते.

वसमतकडील एखादा शेतकरी घ्या. हळद काढण्याचे व शिजवण्याचे दिवस, दिवसभर अंगमेहनत, रात्री जागरण आणि वर चहावर चहा. एके रात्री अंथरुणावर पडताच त्याच्या पोटरीचे मांस आपोआप फडफडू लागते. दुसऱ्या दिवशी दंड, मग पापणी. तो मोबाइलवर शोध घेतो व तेथे त्यास हातापायांची शक्ती हळूहळू हिरावून घेणाऱ्या एका असाध्य रोगाचे नाव सापडते. त्या घटकेपासून तो आपल्याच देहावर पहारा करू लागतो. पूर्वी जे शंभरदा झाले असते तरी त्यास कळले नसते, ते आता एकदा झाले तरी काळजात धस्स होते. भयाने झोप जाते, आणि झोप गेल्याने फडफड वाढते.

वास्तविक थकवा, अपुरी झोप, अतिरिक्त चहा व चिंता यांनी निरोगी मनुष्याचेही स्नायू असे उडतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा १२१ जणांचा कित्येक वर्षे मागोवा घेऊन १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांपैकी एकासही तो रोग जडला नव्हता. सदऱ्याचे बटण लावता न येणे, चालताना पाऊल घसटणे, हातपाय बारीक होत जाणे, ही चिन्हे मात्र निराळी. ती दिसल्यास दिवस न दवडता डॉक्टरांकडे जावे.

आता खरा प्रश्न. डॉक्टरांनी नीट तपासून काही नाही असे सांगितल्यावरही आमचा शेतकरी चार दिवसांनी दुसऱ्याकडे, नंतर नांदेडास तिसऱ्याकडे जातो. यास सावधपण म्हणावे काय? देहाची निगा राखणे कर्तव्य आहे, हे कोण नाकारील! परंतु पहिल्या खेपेस त्याने माहिती मागितली. पुढे तो हमी मागू लागला, की मला कधी काहीच होणार नाही. ही हमी कोणत्याही डॉक्टरापाशी नाही. शकुन पाहणारा तरी दुसरे काय मागत होता?

तथापि अशा मनुष्यास विश्वास उणा म्हणून हिणवणारे उपदेशक आम्हांस मुळीच पसंत नाहीत. भय हेही दुखणेच आहे व त्यावर उपचार आहेत. सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. घरच्यांनी त्याचे ऐकून घ्यावे, एकदा स्पष्ट उत्तर द्यावे. तोच प्रश्न दहाव्यांदा आला तर दहाव्यांदा पोटरी न चाचपता त्यास बरोबर घेऊन शेताकडे निघावे.