शिस्त कुठे कडक असावी?

आपला हिंगोलीचा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हाची, 1938 सालची ही गोष्ट. उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या कॉलेजात मुलांनी ‘वंदे मातरम्’ म्हटलं. अधिकाऱ्यांनी मनाई केली, मुलं हटली नाहीत. शेकडोंची नावं पटावरून काढली गेली. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने जवळ केलं. निजामाच्या संस्थानात नियम कडक होता, पण तो मुलांच्या भल्याचा नव्हता.

आता दुसरा नियम पाहा. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा झाला, त्याच वर्षी महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा आला. दोष सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची. दुर्लक्ष केलं, तर गुन्ह्याला साथ दिल्याचा ठपका त्याच्यावरही येतो. हा नियम खुर्चीवरच्या माणसालाही सोडत नाही, म्हणून मला तो मोलाचा वाटतो.

सेनगाव, औंढ्याकडच्या खेड्यातून एसटीने येणारी मुलगी बस चुकल्यामुळे उशिरा पोचली, तर तिला गेटवरून परत पाठवण्यात कसली आली शिस्त? पण आवारात तिला कुणी छळलं, तर एका दिवसाचीही ढिलाई नको.

प्राचार्यांना, प्राध्यापकांना हात जोडून विनंती आहे: उशिरा आलेल्या लेकरांना आत घ्या, आणि छळाची तक्रार आली तर ती त्याच दिवशी लिहून घ्या.