थंड खोली आणि अनर्थदंड

घरासाठी एसी घ्यायचा ठरला की चर्चा सुरू होते ती ब्रँडची. कोणाचा कॉम्प्रेसर टिकतो, कॉइल तांब्याची आहे का, स्टार किती, वॉरंटी किती वर्षांची. प्रश्न रास्त आहेत, पण सगळे खोलीच्या आतले आहेत. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने चालतो तेव्हा खोलीतून पाचेक किलोवॅट उष्णता उचलतो, आणि खाल्लेल्या विजेची उष्णता त्यात मिळवून ती सगळी बाहेर गल्लीत सोडतो. आतल्या माणसाला सुख मिळते, पण त्याचा काही भार जो खोलीत नाही त्याच्यावर पडतो. म्हणून ही निवड अहिंसेच्या कसोटीवरही घासून पाहायला हवी, असे मला वाटते. त्या कसोटीचा सर्वांत नेमका विचार मला जैन श्रावकाचारात, म्हणजे गृहस्थाच्या आचारनियमांत, सापडतो.

जैन परंपरेने साधूची महाव्रते आणि गृहस्थाची अणुव्रते वेगळी ठेवली. गृहस्थ चूल पेटवणार, शेत नांगरणार, घर बांधणार आणि त्यात जीवहानी होणार, हे धरूनच त्याची व्रते आखलेली आहेत. अणुव्रतांना बळ देणाऱ्या गुणव्रतांत एक आहे अनर्थदंडविरती, म्हणजे ज्या हिंसेतून कोणाचेच काही साधत नाही तिच्यापासून दूर राहणे. जैन आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक प्रमादचर्या, म्हणजे बेपर्वा वागणे. विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे, आग पेटवणे ही त्याची उदाहरणे, आणि त्यांच्याच रांगेत वाऱ्याशी केलेली निरर्थक ढवळाढवळही येते. हवेला इजा होऊ शकते, हे या परंपरेने एसीच्या कितीतरी शतके आधी गृहीत धरले होते.

आता एसी बसवताना काय होते ते जवळून पाहू. गॅस कारखान्यातूनच बाहेरच्या युनिटमध्ये भरून येतो. दोन्ही युनिटांना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्यांत मात्र साधी हवा आणि दमटपणा असतो. तो व्हॅक्यूम पंप लावून काढायचा, पंप बंद करून काटा जागेवर थांबतो का ते पाहायचे, आणि मगच गॅसचे व्हॉल्व्ह उघडायचे, ही नीट पद्धत. घाईची पद्धत अशी : एक नट सैल ठेवायचा, व्हॉल्व्ह किंचित उघडायचा आणि युनिटमधल्याच गॅसच्या जोराने हवा बाहेर ढकलायची. फुस्स असा आवाज येतो, नट आवळला जातो, काम संपते. त्या आवाजासरशी गेलेला गॅस कोणाचीही खोली थंड करत नाही. आत राहिलेला दमटपणा पुढे तेलात आम्ल तयार करतो आणि कॉम्प्रेसरचे आयुष्य खातो. नळीचे तोंड नीट फुलवले नसेल तर नटाजवळून गॅस हळूहळू झिरपत राहतो, आणि ‘दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ अशी घराची समजूत होऊन बसते. खरे तर ते बंद चक्र आहे. त्यातला गॅस वापरून संपत नाही, कमी झाला तर तो गळालेलाच असतो. आज बहुतेक घरगुती एसींत असणारा आर-32 शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 675 पट तापमान वाढवतो. 800 ग्रॅम गळाला तर तो 540 किलो कार्बन डायऑक्साइडइतका पडतो. अनर्थदंडाचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

यावर पहिला आक्षेप कठोर बाजूने येतो : एसीच नको, तोच खरा संयम. साधूसाठी हे बरोबर आहे. पण मे महिन्यात विदर्भात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा आजारी म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल असलेल्या घराला हा उपदेश करणे मला धर्म वाटत नाही. गृहस्थाला सप्रयोजन हिंसेची मोकळीक आहे म्हणूनच निष्प्रयोजन हिंसेचा हिशेब त्याच्याकडून काटेकोरपणे मागता येतो. दुसरा आक्षेप असा की हे सरकारचे आणि कंपन्यांचे काम आहे. त्यांचे काम आहेच. 2016 च्या किगाली कराराने आर-32 सारखे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरले आहे, आणि 1 जानेवारी 2020 पासून आपल्याकडच्या स्टार लेबलच्या एसींना 24 अंशांचे डिफॉल्ट सेटिंग सक्तीचे झाले. पण तुमच्या भिंतीवर नट आवळला जातो तेव्हा तिथे कोणताही करार हजर नसतो. हजर असता तुम्ही आणि मेकॅनिक.

इथे जैन विचारातली दुसरी गोष्ट कामाला येते. कर्म स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि संमती दिलेले असे तिन्ही प्रकारचे मोजले जाते. ‘ते मेकॅनिकने केले’ ही पळवाट उरत नाही, विशेषतः घाई आपणच लावली असेल तर. बसवणाऱ्यांपैकी अनेकांना नगावर पैसे मिळतात. एप्रिल-मे मध्ये एका दिवसात चार-पाच घरे उरकायची असतात, आणि पंप वर चढवून अर्धा तास थांबण्याचे पैसे कोणी देत नाही. त्यात आपण दर पाडून मागतो. म्हणून माझ्या मते पसंतीचा क्रम उलटायला हवा. आधी व्हॅक्यूम पंप आणणारा, साबणाच्या पाण्याने सांधे तपासून दाखवणारा, घर बदलताना गॅस हवेत न सोडता युनिटमध्ये गोळा करणारा माणूस शोधावा. ब्रँड त्यानंतर, आणि ब्रँडमध्येही आधी गॅस पाहावा. प्रोपेन, म्हणजे आर-290 वापरणारे एसी भारतात मिळतात. त्याचा तापमानवाढीचा आकडा आर-32 च्या तुलनेत नगण्य, पण तो पेट घेतो, म्हणजे बसवणारा हात आणखी जाणता हवा.

आणि तो हात चौथ्या मजल्याच्या वीतभर छज्ज्यावर, पट्ट्याशिवाय काम करत असेल, तर गॅसचा हिशेब दुय्यम ठरतो. सुरक्षेचा पट्टा आहे का, हे काम ठरवतानाच विचारावे आणि त्याचे जादा पैसे निमूट द्यावेत. उभे राहायला धड जागाच नसेल, तर युनिट बाल्कनीत घ्यावे, मग नळी लांब पडो की कपडे वाळवायची जागा जावो.