चोरी नेमकी कशाची?

प्रिय धर्मग्रामस्थहो,

गेल्या रविवारी मिस्सेनंतर आपल्या एका युवकाने विचारले, "फादर, मी एक सिनेमा फुकट डाऊनलोड केला. ज्याचा सिनेमा, त्याच्याकडे तो आहेच. मग सातवी आज्ञा मोडली कशी?" मी घाईने "मोडलीच!" म्हणालो खरा, पण घरी येईपर्यंत माझेच मला पटेना. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते दुसऱ्याची वस्तू गुपचूप घेणे म्हणजे चोरी. सायकल नेली तर मालक पायी चालतो. इथे तर सिनेमा जागच्या जागी राहतो.

अमेरिकेत २०११ साली यावरच 'सोपा' नावाचे विधेयक आले. सिनेमा व संगीत कंपन्या त्याच्या बाजूने होत्या. परदेशी संकेतस्थळावर चोरीचा माल आढळला, तर न्यायालयाच्या आदेशाने ते संकेतस्थळच अडवायचे, त्याच्या जाहिराती आणि पैसेही रोखायचे. गूगलने विरोध केला. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया निषेधार्थ चोवीस तास बंद राहिला आणि दोन दिवसांत विधेयक बाजूला पडले. बरे झाले. एका खोलीत चोरीचा माल सापडला म्हणून अख्ख्या चाळीला कुलूप लावणे हा न्याय नव्हे. (इंटरनेट कंपन्या काही निव्वळ परोपकाराने लढल्या नाहीत. जाहिरातींवर त्यांचेही पोट आहे.)

पण कायदा वाईट होता म्हणून नक्कल चांगली ठरत नाही. संत याकोब आपल्या पत्रात शेतमजुरांच्या अडवलेल्या मजुरीविषयी बोलतात. तिथे धन्याने मजुराच्या घरातून काहीच उचललेले नसते. काम घेतले आणि दाम दिले नाहीत, एवढेच. मला वाटते, युवकाच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. "मी तिकीट काढलेच नसते" हे खरे असेलही, पण श्रमाचा उपभोग तर घेतला ना?

हे लिहिताना हात अडखळतो. सेमिनरीत आम्ही पाच जणांनी नीतिशास्त्राचे एक अख्खे पुस्तक झेरॉक्स केले होते. अभ्यासासाठी काही पाने काढणे वेगळे. टोकाच्या गरजेत घेतलेली वस्तू चोरी ठरत नाही, असेही अक्वायनसच म्हणतात. पण आमची गरज तेवढी नव्हती. ग्रंथालयात एक प्रत होती, फक्त रांगेत थांबायचा कंटाळा होता.

ती झेरॉक्स अजून माझ्या कपाटात आहे. लेखक हयात आहेत का, हे मी आजवर पाहिलेले नाही.

आपला,
प्रमुख धर्मगुरू