मानेवरचा डाग

वसईच्या पूर्वेला, वालीवच्या औद्योगिक वसाहतीत एका तरुणाचा पितळकामाचा गाळा होता. दोन प्रेस, गॅसची भट्टी, पॉलिशचं मशीन आणि चार कामगार, एवढाच पसारा. रोज सकाळी त्याचे काका गाळ्यात येऊन बसत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काडतुसांच्या पितळी पुंगळ्या करण्यात त्यांचा जन्म गेला होता. नोकरी सुटली, पण पितळ सुटलं नव्हतं.

चैत्रात तांबाकाट्याचा एक व्यापारी आला. "तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई सुरू. मला गुलाबदाण्या हव्यात. गणपती झाले की माल उचलतो," असं म्हणून विसार देऊन गेला.

गाळ्यात फुलदाण्यांसाठी ओढलेली पितळी नळकांडी पडून होती. ज्याने सांगितली होती ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकलंच नव्हतं. नळकांड्याचं तोंड ६० मिलिमीटरचं, गुलाबदाणीला मान हवी ३६ची. पुतण्या खूश झाला. नवा पत्रा नको, नवं ओढकाम नको, आहे त्याचीच मान आवळली की झालं.

"होईल की," काका म्हणाले. "पुंगळ्यांचंही असंच करतात. अमेरिकेत १९५२ साली .३०८ इंचाचं काडतूस निघालं. त्याच पुंगळीची मान आवळून १९५५ साली .२४३चं केलं. तिकडचे हौशी शिकारी तर घरी बसून हा उद्योग करतात. आपल्याकडे परवान्याशिवाय असलं काही केलंस तर सरळ आत जाशील! पण पितळ तिथलं काय नि इथलं काय, सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. त्याचा स्वभाव एकच. ते एका दमात आवळून घेत नाही."

काकांनी तीन डाय करायला लावल्या : ५१, ४३ आणि ३६च्या. मग स्वतः उभं राहून डझनभर नमुने काढले. बोटाने तेलाचा हलका हात फिरवायचा, जास्त नाही, कारण तेल साचलं की त्या जागी पितळाला पोचा पडतो. पहिल्या डायमधून मान निघाली की नळकांडं पाण्याच्या ट्रेमध्ये उभं करायचं, बूड पाण्यात आणि मान वर. मानेभोवती ज्योत फिरवायची. अंधाऱ्या कोपऱ्यात पितळ जेमतेम लालसर दिसलं की नळकांडं पाण्यात आडवं पाडायचं. मग दुसरी डाय. पुन्हा ज्योत. मग तिसरी. आणि शेवटी पुन्हा एकदा ज्योत.

"शेवटची कशाला, काका? मान तर झाली."

"दाबलं की पितळ कडक होतं आणि आतल्या आत ताणून राहतं. तो ताण विस्तवाशिवाय उतरत नाही. बूड कडकच हवं, म्हणून ते पाण्यात. मान नरम हवी, म्हणून ती ज्योतीत."

नमुन्यांच्या मानेवर निळसर-तपकिरी डाग उमटला होता. पुतण्याला तो खटकला. "हा घालवायला पॉलिशचा वेगळा हात मारावा लागणार."

"लष्कराच्या काडतुसावर हा डाग मुद्दाम ठेवतात," काका म्हणाले. "बघणाऱ्याला कळतं, मान तापवलेली आहे."

नंतर काका महिनाभर गावी गेले. इकडे पुतण्याने हिशेब मांडला. एका नगाला तीनदा ज्योत म्हणजे सिलिंडर किती, मजुरी किती, वर पॉलिश किती? त्याने तेल जरा सढळ घातलं आणि ज्योतीला फाटा देऊन नळकांडी तिन्ही डायमधून सलग काढली. काही प्रेसवरच चिरली, ती भंगारात गेली. बाकीची मात्र झकास उतरली. डाग नाही, काही नाही, लखलखीत! महिन्याचं काम दहा दिवसांत आटोपलं. सगळा माल त्याने भाड्याच्या गोदामात रचून ठेवला. त्याच्याच एका कोपऱ्यात काकांचे डझनभर नमुनेही ठेवले.

गोदामाला लागून म्हशींचा तबेला होता. पावसाळा लागला. भिंतींना ओल आली, दारं-खिडक्या बंद राहिल्या आणि तबेल्याचा उग्र दर्प गोदामात कोंडून राहिला.

गणपती विसर्जन झाल्यावर पुतण्याने गोदाम उघडलं. पहिली गुलाबदाणी हातात घेतली आणि तो चरकला. मानेवर उभी चीर गेली होती, केसाएवढी बारीक, तोंडापासून खाली उतरलेली. दुसरी पाहिली, तीही तशीच. तिसरीची चीर इतकी रुंद होती की तिच्यात नख जाईल. कोणी हात लावला नव्हता, काही पडलं नव्हतं, आणि निम्म्याहून जास्त माल उभा चिरला होता.

पुतण्या तरातरा तबेल्यावर गेला. "तुमच्या घाणीने माझा माल खलास केला! भरपाई कोण देणार?" तबेलेवाला बापडा गोंधळून गेला. म्हशी मुततात आणि पितळ चिरतं, हे त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

तोवर काका आले. त्यांनी एक चिरलेली गुलाबदाणी उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. इंग्रजांच्या काळात फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवायचे. पाऊस सरला की पुंगळ्या चिरलेल्या निघायच्या. कारण कळायला १९२१ साल उजाडावं लागलं. घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघतो, तो दमट हवेत पितळाला लागतो."

"म्हणजे दोष तबेल्याचाच ना!"

"थांब. माझे नमुने कुठे आहेत?"

नमुने त्याच कोपऱ्यात होते. तीच भिंत, तीच ओल, तोच दर्प. काकांनी एकेक पुसून पुतण्याच्या हातात दिला. बाराच्या बारा साबूत होते.

"अमोनिया दोघांनाही सारखाच लागला," काका म्हणाले. "तो ताणलेलं पितळ चिरतो, ताण उतरवलेलं सोडून देतो. ताण तू ठेवलास. तबेल्याने फक्त तो दाखवून दिला."

पुतण्याने मान खाली घातली. तबेलेवाल्याची त्याने माफी मागितली. चिरलेला माल भंगारात काढला. उरलेल्या नगांकडे पाहून मात्र त्याच्या मनात आलं, की हे तर दिसायला चांगले आहेत, व्यापाऱ्याला देऊन टाकावेत. मग त्याने स्वतःच विचारलं, "काका, हे देऊ?"

"आज चांगले दिसतायत. लग्नाच्या मांडवात चिरले तर?"

पुतण्याने त्या प्रत्येक नगाच्या मानेवरून ज्योत फिरवली आणि सगळे पुन्हा त्याच गोदामात, तबेल्याच्या भिंतीला लावून ठेवले. आत आधीच चीर धरलेली असेल तर ज्योत ती सांधणार नाही, ती इथेच उघडी पडू दे, एवढाच हेतू. दसऱ्याला मोजदाद केली. काही आणखी चिरले होते, तेही भंगारात गेले. राहिले तेवढे बाहेरून पॉलिश केले. आतल्या बाजूचा डाग मात्र मुद्दाम तसाच ठेवला.

व्यापारी आला तेव्हा माल ठरल्यापेक्षा कमी होता, उशीरही झाला होता. पुतण्याने सगळी हकिकत सांगितली आणि कमी पडलेल्या नगांचा विसार परत केला. व्यापारी बराच कुरकुरला. मग एक गुलाबदाणी उचलून त्याने मानेत डोकावून पाहिलं.

"हा डाग कसला?"

"तापवल्याचा. तो नसेल तर माझ्याकडूनसुद्धा घेऊ नका."

पुढच्या चैत्रात व्यापारी पुन्हा आला. या खेपेला त्याने विसार देण्याआधी भाव विचारला नाही, भट्टी पेटलेली आहे ना, ते पाहिलं.

तात्पर्य : गिऱ्हाइकाला न दिसणारं काम गाळून वाचवलेला पैसा वाईट दिवसांत दामदुपटीने जातो. आणि वाईट दिवस दोष उघडा पाडतात, म्हणून दोष त्यांच्या माथी मारू नये.