योग्यता कोणाच्या सोयीची?

'मुलांना हे सोसवेल काय?' हा प्रश्न ग्रंथनिवडीत नैतिक भासतो. परंतु तो विचारणारा प्रौढ स्वतःला काय सोसत नाही, हे क्वचितच सांगतो. केइजी नाकाझावा यांची हिरोशिमावरील 'हादाशी नो गेन' ही मांगामालिका १९७३ पासून प्रसिद्ध होऊ लागली. डिसेंबर २०१२ मध्ये जपानमधील मात्सुए नगराच्या शिक्षण मंडळ कार्यालयाने ती शाळांतील खुल्या कपाटांतून हलविण्यास सांगितले. आक्षेप मुख्यतः होरपळलेल्या देहांवर नव्हता. तो जपानी सैनिकांच्या आशियातील क्रौर्याच्या चित्रांवर होता. आपण सोसलेले दाखवावे, आपण लादलेले झाकावे, असा हा 'बालहिता'चा अर्थ. ऑगस्ट २०१३ मध्ये निर्बंध मागे घेतला गेला, तोही कार्यपद्धती सदोष ठरल्यामुळे. योग्यतेचा निवाडा झालाच नाही.

चित्र शब्दाहून अधिक थेट आघात करते, हे मान्य. तथापि मांगात पान उलटण्याचा वेग वाचकाच्या हाती असतो. चित्रपटात तो नसतो.

पालघर हे पालघर जिल्ह्याचे मुख्यालय. १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुकेंद्र याच जिल्ह्यात. येथील शाळेने गेन नाकारला, तर तो मुलांच्या कोवळेपणामुळे की थोरांच्या अवघडलेपणामुळे? अणुभट्टी म्हणजे बॉम्ब नव्हे, ही चर्चा व्हायची तरी पुस्तक हाताशी हवे. मी ते सातवीपुढच्यांसाठी खुल्या फळीवर ठेवीन. ज्याला कुलूप लावायचे असेल, त्याने कारण नोंदवहीत लिहावे, आपल्या सहीनिशी.