रस्त्यापलीकडचं दार

आमचं गाव किल्लारी पट्ट्यातलं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन होतं, माणसं उशिरा झोपली होती. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाची जड माती. उन्हाळ्यात गार राहणारं तेच घर अंगावर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली 52 गावं उठवून नव्या जागी वसवली. मी अशाच एका गावात वाढलो.

इथं रस्ते सरळ आणि रुंद आहेत, घरं सुटी सुटी. जमीन किती त्यावरून घर मिळालं: 250, 400 किंवा 750 चौरस फुटांचं. आमचं 400 चं. समोर रस्त्यापलीकडे 250 ची रांग सुरू होते. तिथं तात्या एकटे राहतात.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांचं दार बंद दिसलं. रोज सहाला उघडं असतं. मला ते खटकलं, पण साडेसातची एसटी गाठून लातूरला क्लासला जायचं होतं. उघडतील, म्हटलं. तात्या न्हाणीत पडले होते. दुपारपर्यंत तसेच पडून होते. मांडीचं हाड मोडलं.

आजी म्हणाली, "जुन्या गावात असं झालं नसतं. भिंतीला भिंत व्हती. कुणी खोकलं तरी शेजारीण इचारायची."

मला ते पटलं. पटण्यात माझी सोयही होती, कारण मग दोष रुंद रस्त्याचा ठरत होता. दवाखान्यात गेलो तेव्हा आजीचं बोलणं तात्यांना सांगितलं. ते हसले. "लेकरा, जुन्या गावात माझं घर तुमच्या गल्लीत कुठं व्हतं? आम्ही गावकुसाबाहेर. आमचा खोकला तुमच्या आजीला कसा ऐकू येईल?"

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. भिंतीपलीकडून ऐकू येतं म्हणून धावून जाणं, हा चांगुलपणा म्हणायचा का? आजीच्या गल्लीतली माया खोटी नव्हती. मध्यरात्री उठून बाळंतिणीपाशी बसलेल्या बायका तिनं पाहिल्यात. पण ती माया कुणापर्यंत पोचणार, हे आधीच ठरलेलं होतं. कुणाचं घर कुठं बांधायचं, तिथंच ते ठरलं होतं. गावकुसाबाहेरचं कण्हणं ऐकू आलं नाही, याला अंतर कारण होतं हे खरं. पण ते अंतर माणसांनीच ठेवलं होतं.

माझी गोष्ट तर त्याहून वाईट. मधे गावकूस नव्हतं. होता फक्त रस्ता, वीसेक पावलांचा. दार बंद आहे हे मला दिसलं होतं. दिसूनही मी एसटी पकडली. यात वस्तीच्या नकाशाचा काय दोष?

आजी म्हणते तो शेजार आता आपोआप मिळणार नाही. प्रत्येक वेळी उठून, ठरवून जावं लागेल. त्यात कंटाळा आहे, कधी एसटी चुकेल. पण ठरवूनच जायचं असेल, तर कोणत्या रांगेकडे जायचं हेही आपल्याच हातात येतं. जुन्या गल्लीत ते नव्हतं.

आता सकाळी तात्यांचं दार सहाला उघडलं नाही, तर मी जाऊन कडी वाजवतो. त्यांना ते फारसं आवडत नाही. आतून ओरडतात, "अजून जिता हाय!"

मग मी एसटीकडे पळतो.