रांगेतला शेवटचा कोण?

क्युबातली रांग अनेकदा रांगेसारखी दिसतच नाही. दुकानासमोर माणसं विखुरलेली असतात, कुणी सावलीत, कुणी पायरीवर. नवा माणूस येतो आणि विचारतो, 'शेवटचा कोण?' कुणीतरी हात वर करतं. आता हा नवा माणूस शेवटचा. त्याने आपल्या पुढचा तेवढा चेहरा लक्षात ठेवायचा, की झालं.

सॉफ्टवेअरवाल्यांना ही रचना ओळखीची आहे. आम्ही तिला लिंक्ड लिस्ट म्हणतो. प्रत्येकाला फक्त शेजारचा ठाऊक, तरी साखळी पूर्ण. फरक एवढाच की आमच्या लिस्टमधले घटक खोटं बोलत नाहीत, माणसं बोलू शकतात. रांगेतली जागा विकणारे 'कोलेरो' तिथे आहेतच, 2020 साली सरकारने त्यांच्याविरुद्ध मोहीमही काढली. तरीही अनोळखी माणसाच्या शब्दावर ही पद्धत चालते.

मला प्रश्न पडतो तो याच्या शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या एका शब्दामुळे. 'रेसोल्वेर', म्हणजे सोडवणं. 1991 साली सोव्हिएत संघ कोसळला आणि क्युबाची स्वस्त तेलाची आणि धान्याची रसद आटली. 1962 पासून चालत आलेल्या रेशनच्या वहीवर महिना निघेना, पगारावर तर नाहीच. मग बेकरीतला कामगार थोडं पीठ 'सोडवून' आणू लागला, ड्रायव्हर थोडं पेट्रोल. हे इतकं सर्रास झालं, की 2005 मध्ये फिडेल कास्त्रोंच्या सरकारने पेट्रोल पंपांवर तरुण सामाजिक कार्यकर्ते बसवले.

रांगेत तुमची जागा प्रामाणिकपणे राखणारा आणि कारखान्यातून तेल आणणारा माणूस एकच असू शकतो. मग त्याला प्रामाणिक म्हणायचं की चोर?

एक उत्तर सोपं आहे. जो नियम पाळून पोटच भरत नाही, तो मोडल्याचा दोष नियम करणाऱ्याचा. हे मला बरंचसं पटतं. 'सर्वांच्या मालकीचं' म्हणून जे सांगितलं गेलं, त्यात सामान्य माणसाच्या मताला फारसा वाव नव्हता. सर्वांचं ते कुणाचंच नाही, असं त्याला वाटू लागलं तर नवल काय? रांगेत समोर चेहरा असतो, सरकारी गोदामाला चेहरा नसतो. त्यात अमेरिकेचे निर्बंधही आहेत. ते सरकारवर लादले गेले, पण टंचाई सोसायला उभा राहतो तो रांगेतलाच माणूस.

पण इथे मी अडखळतो. बेकरीतून गेलेलं पीठ शेवटी कुणाच्या पावातून जातं? रेशनवर माणशी रोज एक छोटा पाव ठरलेला होता. सप्टेंबर 2024 मध्ये पीठ नाही म्हणून सरकारनेच त्याचं वजन 80 ग्रॅमवरून 60 ग्रॅमवर आणलं. अशा पावातून आणखी चिमूटभर पीठ गेलं, तर ते गोदामाला कळत नाही, शेजारच्या म्हातारीला कळतं. शिवाय 'सोडवण्याची' संधी सर्वांना सारखी नसते. बेकरीवाल्याच्या हाताशी पीठ आहे, ड्रायव्हरच्या हाताशी पेट्रोल. शाळामास्तराच्या हाताशी काय, खडू? आणि निव्वळ पेन्शनीवर जगणाऱ्याच्या हाताशी? समतेसाठी उभी केलेली व्यवस्था अशी मागच्या दाराने पुन्हा विषम होते, आणि या विषमतेची कुठल्याच वहीत नोंद नसते.

म्हणून बेकरीवाल्याला मी चोर म्हणणार नाही. घरात भुकेली मुलं असताना त्याने ते करू नये, असं त्याला सांगण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्या माणसाला नाही. पण त्याच्या जुगाडाचं कौतुक करणंही मला जमत नाही. दूर बसून क्युबाला कुणी स्वर्ग ठरवतं, कुणी नरक, आणि दोघांनाही हा माणूस उदाहरणापुरताच हवा असतो. त्याला स्वतःला मात्र रोज एक बारीक हिशोब मांडावा लागतो: हे घेतलं तर कुणाचं कमी होईल?

अन्यायी व्यवस्थेचं सगळ्यात मोठं नुकसान मला यात दिसतं. ती माणसाला गरीब करते हे खरंच. पण त्याच्या जगण्याची किंमत ती सरकारकडून नाही, त्याच्या शेजाऱ्याकडून वसूल करते. अशा ठिकाणी प्रामाणिकपणाची कसोटी कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. आपल्या मागे जो उभा आहे त्याच्या डोळ्यांत बघून आपण काय घेतलं ते सांगता येतं का, एवढीच ती उरते. आणि मागे कुणीतरी असतंच. रांगेत फार काळ कुणी शेवटचा राहत नाही.